दहाव्या मिनिटाला काय?

या वेळची पत्रं वाचून काढली तर बहुतेकांना एकच विचारायचंय: हा कॉम्प्युटर फास्ट की तो? कुणी लॅपटॉप आणि डेस्कटॉप समोरासमोर उभे केलेत, कुणी तळहातावर मावणारा डबा आणि टेबलाखालचा टॉवर. उत्तरं देताना माझ्या हाताशी दोनच हत्यारं असतात. एक जुनं स्टॉपवॉच आणि दुसरा, प्लग आणि सॉकेटच्या मध्ये बसणारा वॅटमीटर. दुरुस्तीच्या टेबलापाशी बावीस वर्षं काढल्यावर खोक्यावरच्या आकड्यांपेक्षा माझा या दोघांवर जास्त भरवसा आहे.

प्रश्न : ताई, माझ्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा आय७-७५००यू हा प्रोसेसर आहे, भावाच्या डेस्कटॉपमध्ये आय५-७५००. दोन्ही सातव्या पिढीचे, वर माझा आय७. तरी तोच व्हिडिओ एक्स्पोर्ट करायला माझ्या मशीनला त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. भाऊ चिडवतो. लॅपटॉप बिघडलाय का?

उत्तर : लॅपटॉप ठणठणीत आहे. घोळ नावात आहे. आय३, आय५, आय७ ही चढती भाजणी त्या त्या घराण्यापुरतीच खरी असते. तुमच्या चिपच्या शेपटीला जो ‘यू’ आहे तो पातळ लॅपटॉपांच्या घराण्याचा. तिच्यात कोअर, म्हणजे काम करणारे मेंदू, दोनच आहेत. चार थ्रेड दाखवते ती हायपरथ्रेडिंगची करामत, एकेका कोअरला दोन-दोन कामं धरायला लावायची. भावाच्या आय५ मध्ये चार खरे कोअर आहेत. तुमची चिप १५ वॅटची, त्याची ६५ वॅटची. भावाला चिडवू दे, पण या शर्यतीत त्याने काही पराक्रम केलेला नाही.

आता वॅट म्हणजे नेमकं काय होतं ते सांगते. तुमच्यासारखाच एक लॅपटॉप माझ्याकडे आला होता, तेव्हा मी वॅटमीटर लावून बसले. बॅटरी पूर्ण भरलेली, स्क्रीनचा उजेड निम्म्यावर. नुसता चालू असताना ७ वॅट. एक्स्पोर्टचं बटण दाबलं आणि आकडा ३८ वर गेला. पंखा अजून झोपेत. दहाबारा सेकंदांनी त्याला जाग आली, तो घोंघावू लागला. अर्ध्या मिनिटाच्या आसपास आकडा धाडकन २४ वर उतरला आणि एक्स्पोर्ट संपेपर्यंत तिथून हलला नाही. मशीन किती काम करतंय ते दाखवणारा विंडोजचा टास्क मॅनेजर उघडाच होता. त्यातले प्रोसेसरच्या वेगाचे ३.४ गिगाहर्ट्‌झ त्याच क्षणी २.९ च्या खाली गेले.

हा बिघाड नाही, ठरवून केलेली गोष्ट आहे. प्रोसेसरला दोन मर्यादा घालून दिलेल्या असतात: थोडा वेळ किती वीज खायची आणि कायम किती खायची. थोडा वेळ म्हणजे साधारण अर्धं मिनिट ते मिनिटभर. या मर्यादा लॅपटॉप बनवणारी कंपनी आपापल्या पंख्याच्या आणि उष्णता बाहेर नेणाऱ्या तांब्याच्या नळीच्या कुवतीप्रमाणे ठरवते. म्हणून तीच चिप एका लॅपटॉपमध्ये तरतरीत आणि दुसऱ्यात मरगळलेली वाटते. वेबपेज उघडणं, फाइल सेव्ह करणं ही सगळी कामं पहिल्या अर्ध्या मिनिटातली, तिथे तुमच्या लॅपटॉपमध्ये आणि भावाच्या डेस्कटॉपमध्ये फारसा फरक जाणवणार नाही. व्हिडिओ एक्स्पोर्ट हे दहाव्या मिनिटाचं काम. माझ्याकडे कुणीही तुलना घेऊन आलं की मी आधी तेवढंच विचारते, दहाव्या मिनिटाला काय?

मग चौपट वॅटवाला चौपट वेगाने का पळत नाही? कारण प्रोसेसरची विजेची भूक वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, त्यामुळे शेवटचा थोडासा वेग फार महागात पडतो. उलट्या बाजूने पाहिलं तर थोडा वेग सोडला की वीज भरपूर वाचते. इंटेलने २०१७ च्या ऑगस्टमध्ये तुमच्या चिपच्या पुढच्या पिढीत हाच हिशेब वापरला. आय५-८२५०यू मध्ये त्याच १५ वॅटमध्ये चार कोअर बसवले आणि मूळ वेग २.७ वरून १.६ गिगाहर्ट्‌झवर आणला. आकडा घटला, नावात सातचा पाच झाला, पण एक्स्पोर्टसारख्या कामात ती चिप तुमच्या आय७ ला मागे टाकते.

एएमडीकडेही नावं सांभाळूनच वाचावी लागतात. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७६४०यू ही दोन नावं सख्ख्या भावंडांसारखी दिसतात. पण या ७००० च्या मालिकेतल्या लॅपटॉप चिपांत तिसरा अंक पाहायचा. २ असेल तर आतली रचना झेन २, म्हणजे २०१९ साली आलेली, आणि ४ असेल तर झेन ४. पहिलीत चार कोअर, दुसरीत सहा.

प्रश्न : तुलना करताना नुसते गिगाहर्ट्‌झ पाहिले तर चालेल ना?

उत्तर : एकाच घराण्यातल्या दोन चिपा असतील तर चालेल. त्यापलीकडे नाही. २००४ साली पेंटियम ४ ने ३.८ गिगाहर्ट्‌झ गाठले आणि ४ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम इंटेलने त्याच वर्षी रद्द केला. २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आला. त्यातल्या ई६६०० चा वेग फक्त २.४, पण त्याने ३.८ वाल्याला सहज धूळ चारली. पेंटियम ४ च्या त्या शेवटच्या पिढीत एक आज्ञा ३१ टप्प्यांतून जायची, कोअर २ मध्ये १४. पुढची आज्ञा कोणती याचा प्रोसेसर आधीच अंदाज बांधतो, तो चुकला की पेंटियमला सगळी रांग रिकामी करून पुन्हा सुरुवात करावी लागायची. घड्याळाच्या दर ठोक्याला काम किती होतं हे त्या गिगाहर्ट्‌झमध्ये कुठेच दिसत नाही. त्या काळात एक गृहस्थ नवं मशीन परत घेऊन आले होते. आकडा कमी झालाय, मला जुना माल दिलात, असं त्यांचं म्हणणं. मी दोन्ही मशीनवर एकच मोठी फोल्डर झिप करायला लावली आणि स्टॉपवॉच त्यांच्याच हातात दिलं.

प्रश्न : गेल्या महिन्यात तुम्ही एका वाचकाला लिहिलंत की वेग मोजणाऱ्या गीकबेंच या प्रोग्रॅममध्ये त्याच्या जुन्या डेस्कटॉपचा सिंगल-कोअर स्कोअर एक हजार आणि नव्या लॅपटॉपचा अडीच हजार, म्हणजे नवा अडीचपट वेगवान. पण पहिला आकडा गीकबेंच ५ चा होता आणि दुसरा ६ चा. ही चूक नाही का?

उत्तर : चूकच आहे, आणि माझ्यासारखीने करू नये अशी. गीकबेंच ५ मध्ये आय३-८१०० या प्रोसेसरला १००० धरून बाकीच्यांना गुण दिले जात. २०२३ च्या फेब्रुवारीत गीकबेंच ६ आलं तेव्हा मापच बदललं, आय७-१२७०० ला २५०० धरलं गेलं. इंचपट्टीने मोजलेलं आणि सेंटिमीटरने मोजलेलं मी एका खाली एक लिहून भागाकार केला. त्या वाचकांना मी कळवलंय, दोन्ही मशीनवर एकच आवृत्ती चालवून पाहा म्हणून.

आता विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी आणखी सांगते. गीकबेंच ५ सगळ्या कोअरची परीक्षा घेताना प्रत्येकाला वेगवेगळी प्रत सोडवायला द्यायचं. सहाव्या आवृत्तीत सगळे कोअर मिळून एकच काम करतात. त्यामुळे डझनभर कोअर असलेल्या डेस्कटॉपचा रुबाब सहाव्यात कमी दिसतो. हे मला प्रत्यक्षाच्या जास्त जवळचं वाटतं, कारण कामाचा जो भाग वाटून घेता येत नाही तो एकालाच उरकावा लागतो आणि बाकीचे बघत बसतात. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्येच हा हिशेब मांडला होता. कामाचा दहावा भाग जरी न वाटता येणारा असला तरी कितीही कोअर लावा, वेग दहापटीच्या वर जात नाही.

दुसरी गोष्ट, गीकबेंच लहान लहान कसोट्या घेतं आणि मध्ये श्वास घेऊ देतं. मशीन तापतच नाही. सिनेबेंच आर२३ हा तसाच दुसरा प्रोग्रॅम मूळ सेटिंगमध्ये दहा मिनिटं सलग पिळतो. २०२० च्या नोव्हेंबरात ॲपलने एम१ ही एकच चिप मॅकबुक एअरमध्ये घातली आणि १३ इंची मॅकबुक प्रोमध्येही. एअरला पंखा नाही, प्रोला आहे. छोट्या कसोटीत दोघांचे गुण जवळपास सारखे येतात. लांबलचक कामात मात्र एअर तापून हळूहळू मागे पडतो आणि प्रो आपला वेग टिकवतो. दोघांत फरक करणारी वस्तू म्हणाल तर तो छोटा पंखा.

प्रश्न : मी थ्रीडी ॲनिमेशन शिकते. डेस्कटॉपमध्ये एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स कार्ड मिळतं आणि लॅपटॉपमध्येही आरटीएक्स ४०९० मिळतं. मग सगळीकडे नेता येणारा लॅपटॉपच घ्यावा ना?

उत्तर : नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं म्हणणार होते. पण तो लॅपटॉप इतकाही वाईट नाही, वाळा चांदीचा म्हणू. डेस्कटॉपच्या ४०९० मध्ये एडी१०२ ही चिप, १६,३८४ कुडा कोअर (ग्राफिक्सचे हिशेब करणारे छोटे कोअर), २४ जीबी मेमरी आणि ४५० वॅट. लॅपटॉपच्या ४०९० मध्ये एडी१०३ ही वेगळी आणि लहान चिप, ९,७२८ कोअर, १६ जीबी मेमरी आणि बहुधा १५० वॅट, गरजेला वर थोडे जास्त. एडी१०३ तुला डेस्कटॉपमध्येही भेटेल, पण तिथे तिचं नाव आरटीएक्स ४०८० आहे आणि तिला ३२० वॅट मिळतात. म्हणजे तू लॅपटॉपमध्ये घेणार ते निम्म्या विजेवर चालणारं ४०८०.

खालच्या कार्डांत याहून मोठी गंमत आहे. लॅपटॉपचं आरटीएक्स ४०६० हे ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही विजेचं असू शकतं. स्टिकर दोन्हींवर एकच. पातळ, देखण्या लॅपटॉपमधलं आणि जाडजूड गेमिंग लॅपटॉपमधलं ४०६० रेंडरला, म्हणजे सीनचं शेवटचं चित्र तयार करायला, सारखा वेळ घेईल अशी आशा ठेवू नकोस. विकत घेण्याआधी एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टिमची माहिती उघडून कमाल वॅट किती लिहिलेत ते बघ.

तुझ्या कामात आणखी एक अट आहे आणि ती वेगाच्याही आधी येते. सीन कार्डाच्या मेमरीत मावतो का? डेस्कटॉपचं आरटीएक्स ३०६० हे ३०७० पेक्षा हळू आहे, पण त्याच्या १२ जीबीच्या मॉडेलमध्ये मेमरी जास्त आणि ३०७० मध्ये ८. सीन १० जीबीचा झाला की ३०७० ला मदरबोर्डवरच्या रॅमपुढे हात पसरावा लागतो. स्वतःच्या मेमरीतून ते सेकंदाला ४४८ जीबी उचलतं, मदरबोर्डच्या वाटेने जेमतेम ३२. तिथे हळू कार्ड पुढे निघून जातं. माझ्याकडे एक मुलगा केसाळ अस्वलाचा सीन घेऊन आला होता. नव्या महागड्या कार्डावर तो चालत नव्हता आणि मित्राच्या साध्या कार्डावर चालत होता. कार्ड बिघडलंय म्हणून दोनदा बदलून घेतलं होतं बिचाऱ्याने. अस्वलाचे केस निम्मे केले आणि सगळं सुरळीत झालं.

आणि ‘सगळीकडे नेता येणारा’ याबद्दल. नेता येईल, पण चार्जरसकट. विमानात १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी विनापरवानगी नेता येते, म्हणून मोठ्यातल्या मोठ्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या ९९ वर येऊन थांबतात. १५० वॅटचं कार्ड आणि वर प्रोसेसर त्यावर पूर्ण वेगाने चालवले तर अर्ध्या तासात खेळ खलास. म्हणून चार्जर काढला की ही मशीन स्वतःहून वेग उतरवतात. रेंडर करायचं ते घरच्या सॉकेटपाशीच होणार असेल तर डेस्कटॉप घे आणि बाहेर फिरायला साधा लॅपटॉप ठेव, असं मी म्हणेन. तुझ्या शिक्षकांचं मत वेगळं असू शकतं. वर्गात रोज मशीन न्यायचं असेल तर माझं ऐकू नकोस.

प्रश्न : १६ जीबीची एक रॅम की ८ च्या दोन?

उत्तर : दोन. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसेल तर डोळे मिटून दोन. डीडीआर४-३२०० जातीच्या रॅमची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन चॅनलमध्ये, म्हणजे दोन वेगळ्या वाटांवर, दोन लावल्या की ५१.२. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं, त्यामुळे गेममध्ये फरक डोळ्यांना दिसतो. पत्र टाइप करताना दिसणार नाही. काही लॅपटॉपात रॅम बोर्डावरच डकवलेली असते, तिथे हा प्रश्नच उरत नाही. घेताना जेवढी घेतली तेवढी, आयुष्यभर.

प्रश्न : माझ्या मुलाकडे स्टीम डेक हे हातात धरून गेम खेळायचं यंत्र आहे. तो म्हणतो हा पण पूर्ण कॉम्प्युटर आहे. माझा ऑफिसचा लॅपटॉप त्याहून नवा, तरी त्याच्यावर तोच गेम अडखळतो आणि या खेळण्यावर पळतो. हे कसं?

उत्तर : मुलगा बरोबर सांगतोय. २०२२ च्या फेब्रुवारीत आलेल्या या यंत्रात एएमडीचे चार झेन २ कोअर आहेत, १६ जीबी रॅम आहे आणि आत लिनक्स आहे. कीबोर्ड-मॉनिटर जोडलात तर पत्रव्यवहारही होईल. चिपला ४ ते १५ वॅट मिळतात, म्हणजे तुमच्या लॅपटॉपइतकेच किंवा कमी. फरक दोन ठिकाणी आहे. त्याच्या रॅमचा वेग सेकंदाला ८८ जीबी आहे, म्हणजे वरच्या उत्तरातल्या दोन स्टिकांहूनही बराच जास्त. आणि त्याला काम कमी आहे. त्याची स्क्रीन १२८० बाय ८००, म्हणजे सुमारे दहा लाख ठिपके. तुमच्या लॅपटॉपची फुल एचडी स्क्रीन वीस लाखांची. फोर-के मॉनिटर असता तर त्र्याऐंशी लाख झाले असते. तुमच्या लॅपटॉपवर गेमच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १२८० वर आणा आणि मग दोघं शेजारी बसून खेळा. त्याची बॅटरी आधी संपेल बहुतेक. ४० वॅट-तासांची आहे आणि जड गेममध्ये दोन तासांच्या आत मान टाकते.

प्रश्न : डेस्कटॉप आठ वर्षांचा आहे, आय५, ८ जीबी रॅम, हार्ड डिस्क. चालू व्हायला तीन मिनिटं, नंतरही बराच वेळ हँग. नवा प्रोसेसर आणि बोर्ड घेऊ का?

उत्तर : थांबा. आधी टास्क मॅनेजर उघडा आणि मशीन अडलं असताना डिस्कच्या रकान्यात काय दिसतं ते पाहा. तिथे १०० टक्के आणि प्रोसेसर दहाबारा टक्क्यांवर असेल तर घोडं कुठे पेंड खातंय ते कळलंच.

हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबायचं, चार मिलिसेकंद. त्याआधी सुईचा दांडा योग्य वर्तुळावर न्यायचा, आणखी आठ-नऊ. मिळून बारा-तेरा मिलिसेकंद. म्हणजे इकडे-तिकडे विखुरलेल्या फायली असतील तर सेकंदाला जेमतेम पंच्याहत्तर-ऐंशी वेळा उचलता येतं. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे मागतं. प्रोसेसर कितीही तगडा बसवा, तो वाट बघत बसणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? एसएसडी तबकडीऐवजी चिपांवर साठवते, तिला फिरवायला काही नसतं, त्याच कामाला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी लागतो.

तुमच्यासारख्याच एका मशीनचं स्टॉपवॉच माझ्या वहीत आहे. बटण दाबल्यापासून ब्राउझर उघडेपर्यंत हार्ड डिस्कवर २ मिनिटं ५१ सेकंद. तीच विंडोज साध्या साटा (जुन्या पद्धतीच्या जोडणीच्या) एसएसडीवर उतरवल्यावर २४ सेकंद. बाकी एक स्क्रूही बदलला नव्हता. प्रोसेसर-बोर्डाचा विचार त्यानंतर करा. फक्त एक, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा साधा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला आणि विंडोज ११ सातव्या पिढीचे आणि त्याआधीचे बहुतेक प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारत नाही. तुमचा आय५ आठव्या पिढीचा असेल तर सुटलात. नसेल तर लिनक्सचा पर्याय आहे.

साटा घ्यावी की एनव्हीएमई या नव्या जोडणीची? खोक्यावर साटाच्या तोंडी ५५० एमबी असतं, एनव्हीएमईच्या ३,५०० किंवा ७,०००. सलग मोठी फाइल कॉपी करताना हा फरक खरा आहे. मशीन चालू करताना आणि रोजची कागदपत्रं उघडताना माझ्या स्टॉपवॉचला तो दोन-तीन सेकंदांच्या वर सापडलेला नाही. स्वस्त एसएसडीतही पुन्हा तेच पहिलं आणि दहावं मिनिट आहे. तिचा थोडा भाग जलद वहीसारखा वापरला जातो. दोनेकशे जीबीचे फोटो कॉपी करायला घेतलेत की ती वही भरते आणि वेग कधी कधी हार्ड डिस्कच्याही खाली येतो. काही बिघडत नाही, कॉपी संपू द्या, ती मागाहून आवराआवर करते.

आणि घेण्याआधी स्लॉट नीट बघा. एम.२ हा आकार झाला. त्या आकारात साटाही येते आणि एनव्हीएमईही. मी स्वतः एकदा घाईत एम.२ साटा एसएसडी आणली, स्लॉटमध्ये छान बसली, स्क्रूही लावला आणि तासभर बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, ती शोधत बसले. तो स्लॉट फक्त एनव्हीएमईचा होता. बोर्डाच्या पुस्तिकेत चौदाव्या पानावर तसं लिहिलंही होतं. वाचतंय कोण?

प्रश्न : घरातले फोटो आणि फायली ठेवायला दिवसरात्र चालू राहील असा कॉम्प्युटर हवाय. जुना टॉवर वापरू की मिनी पीसी की रास्पबेरी पाय?

उत्तर : इथे वेगाची तुलना सोडा, वॅटमीटर काढा. माझा जुना टॉवर काही न करता ६० वॅट खातो. इंटेल एन१०० चा मिनी पीसी ८. वर्षाचे ८,७६० तास. टॉवरचे झाले ५२५ युनिट, मिनी पीसीचे ७०. फोटो वाढून द्यायला एन१०० चे चार छोटे कोअर पुरून उरतात. त्याला रॅमचा चॅनल एकच असतो, त्याचं इथे काही अडत नाही.

रास्पबेरी पाय ५ लाही २.४ गिगाहर्ट्‌झचे चार कोअर आहेत आणि तो याहूनही कमी वीज खातो. पण तो एआरएम जातीचा, म्हणजे त्याची आतली भाषा इंटेल-एएमडीच्या चिपांहून वेगळी. लिनक्सवरच्या बऱ्याच गोष्टी त्याच्यासाठी तयार मिळतात, विंडोजचा एखादा जुना प्रोग्रॅम त्याच्यावर चढवायची स्वप्नं पाहू नका. हीच सूचना स्नॅपड्रॅगन या एआरएम चिपवाल्या नव्या विंडोज लॅपटॉपांनाही. तिथे जुने प्रोग्रॅम भाषांतर होऊन चालतात आणि पुष्कळदा चांगले चालतात, पण जोडलेल्या वस्तूंची विंडोजशी ओळख करून देणाऱ्या ड्रायव्हरचं भाषांतर होत नाही. एका हिशेबनीस बाईंचा प्रोग्रॅम नव्या लॅपटॉपवर उघडला, मेन्यू दिसले, आणि यूएसबीचं लायसन्स डोंगल काही ओळखलं गेलं नाही. त्या डोंगलचा ड्रायव्हर जुन्या जातीचाच होता. लॅपटॉप त्यांच्या मुलाला मिळाला.

प्रश्न : वापरलेला लॅपटॉप बघायला जायचंय. विकणारा तासभरच देणार आहे. काय तपासू?

उत्तर : स्वतःची फाइल पेनड्राइव्हवर न्या, रोज जिच्यावर काम करता ती. चार्जर लावून दहा मिनिटं काहीतरी जड चालवा आणि टास्क मॅनेजरमधला वेग सुरुवातीला किती आणि शेवटी किती ते लिहून घ्या. थोडा उतरणारच. एक गिगाहर्ट्‌झच्याही खाली जाऊन बसला तर आतला पंखा धुळीने बुजलाय किंवा थर्मल पेस्ट वाळलीय. दोन्ही दुरुस्त होतं, भाव करताना उपयोगी पडेल. मग चार्जर काढून तेच पुन्हा. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ लिहून स्पेस द्या, पुढे एक तिरकी रेघ (/) आणि ‘बॅटरीरिपोर्ट’, सगळं इंग्रजी अक्षरांत. बॅटरी नवी असताना किती होती आणि आता किती भरते ते दोन्ही आकडे मिळतील.

उरलेल्या वेळात झाकण वीस वेळा उघडझाप करा आणि बिजागरीपाशी कान न्या. करकर ऐकू आली तर उठा.